एका रात्रीचं गाव, त्याचं पाणी आणि मैला

मुक्कामाची जागा चांगली की वाईट हे कसं ओळखायचं, असं कुणी विचारलं तर मी सांगते: पिण्याच्या पाण्याच्या नळापासून मैल्याचं तोंड किती लांब आहे, ते आधी बघा. झाडं, देखावा, गादीचा मऊपणा हे सगळं नंतर. माझी सगळी नोकरी फलटणला पाणीपुरवठ्यात गेली. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी विमानतळावर उतरायची आणि त्या रात्रीपुरती गावाची लोकसंख्या कितीतरी पटींनी फुगायची. टँकर भरायच्या जागा, टीसीएल पावडरची पोती आणि ओटी टेस्टची बाटली यांत आमचे ते दिवस जायचे. नमुन्यात थेंब टाकल्यावर पाण्याला पिवळी झाक आली, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे अशी खात्री पटली, की मगच टँकर सोडायचा. त्यामुळे कुठल्याही मुक्कामाकडे मी त्याच नजरेने बघते.

अमेरिकेत लेकीकडे गेले होते तेव्हा जावयांनी डेन्व्हरहून शिकागोला आरव्हीने जायचा बेत केला. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. त्यात बसएवढी अजस्र ती ‘ए’ वर्गातली, व्हॅनमध्येच बिछाना-शेगडी बसवलेली ती ‘बी’ वर्गातली, आणि ट्रकच्या सांगाड्यावर खोली बांधून ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग काढलेली ती ‘सी’ वर्गातली. आमची ‘सी’ होती. मोटारीच्या नेहमीच्या परवान्यावर ती चालवता येते. आत दोन शेगड्या, फ्रीज, न्हाणीघर, संडास, आणि खाली पोटात तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, साधारण चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. दुसरी मोरीच्या आणि न्हाणीच्या सांडपाण्याची. तिला तिकडे ग्रे टँक म्हणतात. तिसरी संडासाची, ब्लॅक टँक. गाडीची चावी हातात घेताना जावयांनी इंजिनाची माहिती विचारली, मी टाक्यांची विचारली.

डेन्व्हरहून ईशान्येला निघालं की काही तासांनी नेब्रास्का लागतं आणि रस्ता इंटरस्टेट ८० ला मिळतो. पुढे सगळी वाट प्लॅट नदीच्या खोऱ्यातून. नदी उथळ आणि रुंद, दोन्ही बाजूंना मका. ओगलाला सोडून नॉर्थ प्लॅटकडे निघालं की घड्याळ एक तास पुढे जातं, कारण तिथे वेळेचा पट्टा बदलतो. जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. आम्ही कॅम्पग्राउंडवर पोचलो तेव्हा ऑफिस बंद झालं होतं, पण दारावरच्या फळीवर मुलीच्या नावाचं पाकीट टाचलेलं होतं. आत नकाशा, त्यावर आमच्या जागेभोवती पेनाने काढलेलं वर्तुळ, न्हाणीघराच्या कुलपाचा आकडा आणि वादळ आलं तर कुठे जायचं त्याची सूचना. नेब्रास्का टोर्नेडोच्या प्रदेशात येतं. आरव्ही वाऱ्यात टिकत नाही, म्हणून पक्क्या काँक्रीटच्या न्हाणीघरालाच निवाऱ्याचं काम दिलेलं. एका रात्रीसाठी येणाऱ्या अनोळखी माणसाला जे कळायला हवं, ते सगळं त्या एका कागदावर होतं.

आमची जागा पुढून शिरून पुढूनच बाहेर पडायची होती. वाटेत एकच रात्र थांबणाऱ्यांसाठी अशाच जागा राखतात, म्हणजे दिवसभर चालवून दमलेल्या माणसाला एवढं धूड मागे घ्यावं लागत नाही. गाडी लावली की आधी ती समतल करायची. जावयांनी फरशीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा डावीकडे सरकला, मग उजव्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवून गाडी त्यांवर चढवली. हे फक्त झोप नीट लागावी म्हणून नाही. अशा पुष्कळ गाड्यांतला फ्रीज गॅसवर चालतो, त्यात अमोनियाचं द्रावण स्वतःच्या वजनाने फिरतं, आणि गाडी कलती राहिली तर ते फिरणं अडतं. चाकांना ओट लावली आणि मग जोडण्या सुरू झाल्या.

प्रत्येक जागेशी कमरेएवढा एक खांब असतो. त्यावर विजेची पेटी. तीस अँपिअरच्या जोडणीतून १२० व्होल्टला ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं की ब्रेकर पडणार. मोठ्या गाड्यांसाठी पन्नास अँपिअरची चार पायांची जोडणी असते, ती १२,००० वॉटपर्यंत जाते. आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग आत, मग ब्रेकर चालू, हा क्रम कधी मोडायचा नाही.

त्याच्या शेजारी पाण्याचा नळ. तिथे मी स्वतः पुढे झाले. नळाच्या तोंडाला एक छोटी पितळी वस्तू कायमची बसवलेली होती. पाण्याची लाइन कुठे फुटली आणि नळीत उलटी ओढ तयार झाली, तर गाडीतलं पाणी सगळ्यांच्या लाइनीत परत जाऊ नये म्हणून. ही वस्तू दहा-बारा डॉलरची. आपल्याकडे किती तरी सार्वजनिक नळांना ती नसते आणि पावसाळ्यात त्याची किंमत लोकांची पोटं मोजतात. त्यापुढे आम्ही दाब कमी करणारा नग लावला. आरव्हीतले पाइप नाजूक असतात, म्हणून दाब साधारण ४५ पीएसआयवर आणतात. आमच्या हिशेबात हा दाब बत्तीस मीटर उंच टाकीचा. मग पांढरी नळी. पांढरी म्हणजे पिण्याच्या पाण्याची. ती दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, मैल्याच्या सामानाच्या खणात ठेवायची नाही, ठेवताना दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवायची. मुलगी हे सगळं न बोलता करत होती. मी विचारलं तर म्हणाली, “आई, भाड्याने गाडी देतानाच दाखवतात. आणि तुझ्या घरात वाढलेय मी.”

तिसरी जोडणी जमिनीत. काँक्रीटच्या कड्यात आटे असलेलं झाकण, झाकण काढलं की मैल्याच्या पाइपाचं तोंड. ते नळापासून चांगलं लांब आणि उताराच्या बाजूला होतं. गाडीपासून तिथवर तीन इंची नळी टाकायची, पण ब्लॅक टँकची झडप रात्रभर बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पातळ ते वाहून जातं आणि घट्ट ते तळाला बसतं, मग टाकी कधीच स्वच्छ होत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू द्यायची आणि नंतरच एकदम सोडायची. सकाळी हातमोजे घालून आम्ही ते केलं. आधी ब्लॅक, आणि ती रिकामी झाली की ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. मधल्या पारदर्शक कोपऱ्यातून पाणी गढूळचं नितळ होताना दिसतं. शेवटी नळी धुवायला वेगळा नळ होता आणि त्यावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी लाल पाटी होती.

कॅम्पग्राउंडची देखरेख करणाऱ्या बाई आयोवाच्या, माझ्याच वयाच्या. नवऱ्याबरोबर उन्हाळाभर तिथे राहतात, आठवड्याचे ठरलेले तास काम करतात, त्या बदल्यात जागा, वीज, पाणी फुकट. असं काम करणारी निवृत्त माणसं तिकडे भरपूर आहेत. काहींना हे फिरणं आवडतं, तर काहींना घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीच घर झालेली असते. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक याच दुसऱ्या माणसांवर लिहिलं आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. बाईंना मी विचारलं की मैला पुढे कुठे जातो. त्यांनी हातातलं काम टाकून मला सगळी जागा फिरवून दाखवली. सेप्टिक टाकी, तिच्यापुढे जमिनीखाली पसरलेले भोकांचे पाइप, त्यांतून माती पाणी शोषून घेते. म्हणून टाकीत घालायच्या औषधांवर त्यांचा कटाक्ष. फॉर्मल्डिहाइड असलेलं औषध कुणी ओतलं तर सेप्टिकमधले जीवाणू मरतात आणि मग मैला कुजतच नाही. विहीर दुसऱ्या टोकाला. खासगी विहीर आणि सेप्टिक यांत किमान ५० फूट अंतर सांगतात, शोषणाच्या पाइपांसाठी कित्येक राज्यांत १०० फूट.

मग त्यांनी पाण्याच्या तपासणीचा कागद दाखवला. अमेरिकेत १९७४ साली सुरक्षित पेयजलाचा कायदा झाला. वर्षात निदान साठ दिवस निदान पंचवीस माणसांना पाणी पुरवणारी कुठलीही व्यवस्था या कायद्याच्या नजरेत सार्वजनिक पाणीपुरवठा ठरते, मग ती शहराची असो की महामार्गाकडेच्या कॅम्पग्राउंडची. रोज वेगळी माणसं येऊन जातात अशा जागांसाठी त्यात निराळा वर्ग आहे, आणि त्यांना कोलिफॉर्म जीवाणू व नायट्रेट या तपासण्या कराव्याच लागतात. ही दोनच का, हे मला लगेच पटलं. बाकी बरीच दूषितं वर्षानुवर्षं प्यायल्यावर त्रास देतात. ही दोन एका घोटात, एका दिवसात बाधू शकतात, आणि नायट्रेट तर तान्ह्या बाळाला फार वाईट. मक्याला खतं घालणाऱ्या नेब्रास्कात जमिनीखालच्या पाण्यातलं नायट्रेट हा खराच प्रश्न आहे. मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रोजनची. कागदावरचा आकडा तिच्या आत होता. एक रात्र राहून निघून जाणाऱ्या वाटसरूच्या पोटाची जबाबदारी कायद्याने कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवली आहे, ही त्या देशाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

हे शहाणपण त्याच खोऱ्यात फार महागात शिकलं गेलं. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांचे तांडे ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाला याच प्लॅटच्या काठाने गेले. १८४९ पासूनच्या काही वर्षांत या वाटेवर पटकीने हजारो माणसं मेली. काल एका तांड्याने जिथे मुक्काम केला, तिथेच आज दुसरा उतरायचा. नदीकाठी उथळ खड्डा खणून पाणी काढायचं, शौचालाही जवळपासच बसायचं. रोग पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो यांनी लंडनच्या एका पंपावरून दाखवलं ते १८५४ साली. आपल्याकडेही पंढरीच्या वारीत पटकीची साथ ही आजोबा-पणजोबांच्या पिढीने भोगलेली गोष्ट. वारकऱ्यांना लस टोचायचे दिवस मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहेत. अलीकडे ‘निर्मल वारी’च्या निमित्ताने मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं उभी राहतात, आणि पहाटे लवकर उठून अंधारात जागा शोधणारी बाई आता दार लावून आत बसू शकते. ज्यांनी आधीचे दिवस पाहिले आहेत त्यांनाच याचं मोल कळेल.

मोटारी आल्यावर अमेरिकेतल्या गावांनी वाटसरूंसाठी मैदानं मोकळी केली. १९२० च्या दशकात डेन्व्हरचं ओव्हरलँड पार्क अशा तळांत सर्वांत नावाजलेलं होतं. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी मुक्काम फुकट असे. पुढे गर्दी वाढली, घाण वाढली, आणि गावं पैसे घेऊ लागली. त्यात खर्च भागवायचा होता, तसंच गरीब, काम शोधत फिरणाऱ्या कुटुंबांना दूर ठेवायचंही होतं. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. नेब्रास्कात रस्त्याला भराव लागला म्हणून कडेने वाळू-खडी उपसली, त्या खड्ड्यांत जमिनीखालचं पाणी वर आलं आणि तळ्यांची माळच तयार झाली. १९७४ मध्ये नेब्रास्काच्या हद्दीतला इंटरस्टेट ८० पुरा झाला तोवर यातली बरीच तळी मासेमारीची आणि मुक्कामाची ठिकाणं झाली होती. खड्ड्यांचं काय करायचं हा विचार रस्त्याच्या कामातच झाला.

खासगी कॅम्पग्राउंडची साखळी सुरू झाली ती १९६२ मध्ये माँटाना राज्यातल्या बिलिंग्जला. त्या वर्षी सिअ‍ॅटलला जागतिक प्रदर्शन होतं आणि तिकडे निघालेल्या मोटारींची रीघ लागली होती. डेव्ह ड्रम नावाच्या व्यावसायिकाने यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जागेत त्यांची सोय केली. रात्रीला पावणेदोन डॉलर, त्यात गरम पाण्याची आंघोळ, संडास आणि छोटं दुकान. त्यातून केओए ही साखळी वाढली. आम्ही साठ डॉलरच्या आत दिले आणि तीनही जोडण्या मिळाल्या.

पण ही सोय सर्वांना सारखी नव्हती. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात काळ्या प्रवाशांसाठी लुईस माउंटन हा वेगळा तळ होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन १९३६ पासून एक पुस्तिका काढत. काळ्या माणसाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल याची ती यादी होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती ज्या प्रश्नासाठी भरली, तोच हा प्रश्न. पाणी स्वच्छ आहे का, हे तपासायला माझ्याजवळ बाटली होती. ते सर्वांना मिळतं का, हे तपासायची बाटली नाही. तिथे माणसांनाच उभं राहावं लागतं.

त्या रात्री आमच्या एका बाजूला ओंटारिओहून आलेलं जोडपं होतं, दुसऱ्या बाजूला मुलाबाळांसह निघालेलं मेक्सिकन कुटुंब. दुकानात जळणाची मोळी मिळते, ती तिथलीच घ्यावी अशी पाटी होती. लांबून आणलेल्या लाकडातून किडे पसरतात. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने कोट्यवधी अ‍ॅश झाडं मारली, आणि तो लांबलांब पोचला यात सरपणाचा मोठा हात आहे. नातीने शेकोटी केली, मी आत पिठलं-भात केला. दहा वाजता शांततेची वेळ सुरू झाली. जनरेटर बंद, गाणी बंद, कुणी सांगायला आलं नाही. लांबून मालगाड्यांचे आवाज येत राहिले. नॉर्थ प्लॅटला युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड आहे, डबे वेगळे करून नव्या गाड्या जुळवण्याचं जगातलं सर्वांत मोठं आवार.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. गाड्या भराभर जातील. पण त्या रस्त्यावरून जाणारी बाई, साखरेचा आजार असलेले आजोबा, रात्रभर ट्रक हाकणारा ड्रायव्हर हे कुठे थांबतील, हा प्रश्न मला पर्यटनाहून मोठा वाटतो. प्रवासात लघवी लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका माझ्या घरात आहेत, तुमच्याही घरात असतील. मूत्रमार्गाचे आजार त्यातून होतात, आणि त्याबद्दल आपण दबक्या आवाजात बोलतो. ते मोठ्याने बोलायला हवं.

त्यासाठी अमेरिकेएवढे पैसे लागत नाहीत. समतल जागा, परत न वाहणारा नळ, दोन वेगळ्या नळ्या, दूरवर सेप्टिक, महिन्याला पाण्याची तपासणी, आणि त्या तपासणीचा कागद सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर. यातलं काहीही आपल्या अभियंत्यांना नवं नाही. नवं आहे ते याला रस्त्याच्या कामाचाच भाग मानणं. डांबराचा हिशेब होतो त्याच निविदेत मैल्याचा व्हावा.

तोवर एवढं करा. महामार्गावर जिथे कुठे थांबाल, धाब्यावर, पेट्रोल पंपावर, रिसॉर्टमध्ये, तिथल्या मालकाला दोन प्रश्न विचारा: पाणी कुठून येतं आणि मैला कुठे जातो? तपासणीचा कागद दाखवा म्हणा. बरेच जण आधी चमकतील. पण रोज दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारलं, तर तो माणूस महिन्याभरात पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जाईल. गिऱ्हाईक विचारतं म्हटल्यावर दुकानदार काय काय करतो, ते मी बाजारपेठेच्या गावात नोकरी करून पाहिलं आहे.